भोक कुठं पाडायचं

पोर्ट ऑगस्टाच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये
डेझ्ली ट्रेझाइज ड्रिल घेऊन उभी आहे
पाऊण तास.
ड्रिल बंद, पंखा चालू, बाहेर त्रेचाळीस.

इंजिनाच्या नळ्यांवर खडूच्या तीन फुल्या.

पहिली टर्बोच्या तोंडाशी. ती मर्व्हची.
"आम्ही तिथंच घालायचो पाणी,"
खोक्यावर बसून तो सकाळपासून सांगतोय.
त्याच्या जुन्या टर्बोची पाती तिनं पाहिलीत,
कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या.
मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या पात्याला
जाड थेंब म्हणजे खडाच.

दुसरी इंटरकूलरच्या आधी.
ती कुणी काढली, कुणी कबूल करत नाही.

तिसरी थ्रॉटलच्या वीतभर अलीकडे.
थंड हवा, बारीक तुषार,
आणि एकमेकांत मिसळायला वीतभर वेळ.
ही तिची स्वतःची.
गेल्या मार्चात नोझल इथंच होतं.

मिठाच्या तळ्यावर, चौथ्या मैलाला,
बशीत वाटाणे पडावेत तसा आवाज,
मग धूर, मग नुसतं पांढरं मैदान
आणि आपण किती लांब आलो ते.
पहिल्या पिस्टनला नाण्याएवढं भोक.
चौथा मात्र धुऊन ठेवल्यासारखा लख्ख.

तिनं तो पिस्टन वर्षभर खिडकीत ठेवला.
स्टॅथी त्यात स्क्रू ठेवायचा, ते खालून पडायचे.

मग एका रात्री भांडी घासताना
नळाखाली चमचा धरला आणि कळलं.
हवा वळते.
पाण्याला वळायचा कंटाळा.
पहिल्या दाराशी हवा आत गेली,
थेंब तसेच सरळ,
शेवटच्या भिंतीवर आपटून चौथ्याच्या पानात.
पंगतीत शेवटच्याला उरत नाही म्हणतात,
इथं वाढपी पहिल्यांदा थांबलाच नाही.

आता ती अंगठ्यानं तिन्ही फुल्या पुसते.
मॅनिफोल्ड सोडवून बाकावर घेते,
चार नळ्या, म्हशीच्या आचळांसारख्या,
प्रत्येकीवर पंचनं एक टिंब.
ड्रिलच्या टोकाला ग्रीस,
कारण हा चुरा लोहचुंबकाला दाद देत नाही.

"स्टॅथी, टाकी नोझलच्या खाली हवी.
वर ठेवलीस तर पाणी रात्री आपणहून चालत येतं,
सकाळी इंजिन फिरायला नाही म्हणतं.
आणि नळाचं भरू नकोस.
मीठ बघायला आपण तळ्यावर जातोच."

पहिलं भोक. चकचकीत कुरळी कात सुटते.
दुसरं.
तिसरं.
चौथ्यावर हात थांबतो.
याला आजवर सगळ्यांचं मिळालं,
आणखी कशाला?

मर्व्ह खोक्यावरून उठतो, गुडघे वाजतात.
"इथं आम्ही कधीच घातलं नाही," तो म्हणतो.
"माहीत आहे."
"चारही सारखी ठेव. तो काय मागायला आला नव्हता."

बॅटरी तो धरतो. हात थरथरतो,
उजेडाचं वर्तुळ टिंबाभोवती हलतं.
ती वाट पाहते, ते थांबेपर्यंत.
थांबत नाही.
मग हलत्या उजेडातच ती ड्रिल टेकवते.