कर्ता

निवतीला बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
आठवड्यातून तीन संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग भरतो.
खाली क्रशर सुरू झाला की
माझी सगळी क्रियापदं हादरतात,
खडूचा डबा टेबलाच्या कडेकडेने चालू लागतो.

पाच बाया, दोन बाप्ये, आणि आग्नेल,
त्याला बोटीवर कुकची नोकरी हवी,
म्हणून फक्त आज्ञार्थ शिकायचाय.

प्रश्न तेच, बावीस वर्षं हायस्कुलात ऐकलेले.
सिन्स कधी, फॉर कधी.
मेनी की मच.
ॲडव्हाइसला एस का लागत नाही?
सल्ले मोजत नाहीत, मी म्हणते.
"आमच्याकडे मोजतत," मागून कोणीतरी,
"माझ्या सासूचे आजचे अकरा."

द्रौपदी मेतर पन्नाशीची, दोन खोल्या पर्यटकांना देते.
फिशचं अनेकवचन फिशच, हे सांगितलं तेव्हा
वहीवरून मान वर करून म्हणाली,
"म्हणजे टोपलीभर पेडवे नि एक इसवण, सारख्याच?"
मी शब्दकोश उघडला.
पेडव्याला सार्डिन होतं, इसवणाला सीरफिश,
मुडदुशाला लेडीफिश, यावर ती खूप वेळ हसली.
गुंजलीला काहीच मिळालं नाही.
"ऱ्हवांदे. गुंजली आमच्यातच ऱ्हवांदे."

समुद्राला द का?
एकच असतो म्हणून, सूर्यासारखा.
तिने खिडकीतून पाहिलं. ओहोटी होती.
"एकच" असं वहीत उतरवलं,
पुढे पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह.

मग पॅसिव्ह आला.
कर्म पुढे आणायचं, क्रियापदाचं तिसरं रूप,
कर्ता मागे ढकलायचा, बाय लावून.
आणि कर्ता माहीत नसेल, किंवा सांगायची गरज नसेल,
तर गाळायचा.
"गाळलो तर चलात?" तिने दोनदा विचारलं.
चालतो, म्हटलं. इंग्रजीत सर्रास.

शुक्रवारी परिच्छेद. माझं घर, दहा ओळी.
आग्नेलने सगळा आज्ञार्थात लिहिला:
घरी ये. चपला काढ. बस. जेव.

द्रौपदीच्या घराला चार खोल्या, एक कलंडलेला माड,
आर्टिकलं वाळत घातल्यासारखी कुठेही,
आणि सातव्या ओळीत, एकही चूक नसलेलं,
द बोट वॉज सोल्ड.

सवयीने मी समासात लिहिलं, बाय हूम?
शाई वाळता वाळता आठवलं,
मार्चपासून वाळूवर तिची 'जलदेवी' दिसत नाही,
आणि थोरला लेक नव्या मोटारसायकलवरून
वेंगुर्ल्याला जातो, हॉर्न वाजवत.
घर चालवणाऱ्यालाही आपण कर्ताच म्हणतो.

लाल शाईला खोडरबर लागत नाही.
ती माझ्या प्रश्नाकडे बघत राहिली,
खाली क्रशर फिरत होता.
"बाई, कोणी तां सांगूक व्हया?
तुम्हीच म्हणालात, गाळलो तरी चलात."

मी दोन रेघांनी प्रश्न खोडला,
शेजारी बरोबरची खूण केली.
आठवी ओळ होती, व्ह्यू इज व्हेरी नाइस.
तिथे मात्र द हवा होता. तो मी घातला.