चार सड

गंगावेशीत, दूध कट्ट्यासमोर,
रामलिंग आवटींच्या नव्या दुकानात
प्लेअर एक, काडेपेटीहून थोडा मोठा,
आणि पडदे चार.
"डबी एकच, मग चौघांना पुरणार कशी ओ?"
मी शिडीवरूनच स्प्लिटर दाखवते:
इकडं एक भोक, तिकडं चार.
आवटी हातात घेऊन उलटासुलटा करतात.
"हां. कास हाय की ही."

माझ्याआधी त्यांना सुचलं, याचा मला राग येतो.
आईनं तीस वर्षं समोरच्या कट्ट्यावर धारा काढल्या
आणि मी आयटीआयच्या वहीत
आकृती काढून पाठ केलेलं हे.

पहिली केबल गल्ल्यावर, दुसरी दारावर.
तिसरी खांबाला. तिथं पडदा उभाच हवा, असा हट्ट.
पडदा उभा राहिला, चित्र काही राहीना:
लस्सीचा पेला आडवा,
सांडत नाही एवढंच.
चौथी माडीवर, वीस मीटर लांब,
म्हणून मध्ये नेटवर्कची वायर, दोन टोकांना दोन डब्या.
मुबीन ड्रिल मारतो, चुना माझ्या केसांत.

बटण दाबते.
काळं.
आवटी मुनीमाकडं बघतात, मुनीम माझ्याकडं.
"थांबा जरा. पान्हा फुटू दे."
डबी एकेका पडद्याला विचारत असते, तुला किती झेपेल,
आणि वर माडीवर आवटींच्या घरातला
चौदा वर्षांचा जुना टीव्ही
खरं काय ते सांगून टाकतो.

उजेड आला. चारीकडं. पण धुरकट.
त्याला झेपेल तेवढंच आता सगळ्यांना.
"नव्याचे पैसे मोजलेत की मी!"
"मालक, कास एक. एकाला साय आन् एकाला ताक
असं नाही करत ही."

चौथी उपटते.
लगेच खालचे तिन्ही लख्ख:
धारोष्ण दुधाच्या फेसातला बुडबुडा न् बुडबुडा मोजावा असा.
आवटी खूश. मुनीम खूश.
तेवढ्यात जिन्यातून, पेढे वळणाऱ्या सहाजणींचा एकच आवाज:
"ओ ताई, आमचं गेलं की!"

वर तरी काय दिसत होतं?
दुधाचे दर, बासुंदीचे दर, परत दुधाचे दर.

आवटी मान खाजवत बसले.
बाहेर म्हशी यायला लागल्या होत्या, रस्ता अडवून, सावकाश.
आई शेवटचा सड रेडकाला सोडायची,
गिऱ्हाईक रिकामा पेला धरून उभं असलं तरी.
का ते कधी बोलली नाही. मी विचारलंही नाही.

मी चौथी केबल परत खोचली.
खाली फेस पुन्हा नुसता पांढरा,
वर टाळ्या, खव्यानं भरलेल्या हातांच्या.
आवटी काहीच बोलले नाहीत. बिलातले दोनशे मात्र कापले.

खांबावरचा पेला अजून आडवाच आहे.
उद्या येते म्हटलं.