फॅमिलीची सोय आहे

नवेगावबांधच्या टी-पॉईंटवर, पंक्चरच्या दुकानाला टेकून
दुधरामची गाडी उभी असते. शांगाई चायनीज सेंटर.
बोर्डावरचा ड्रॅगन हेमराज पेंटरच्या हातचा.
त्यानं जन्मभर नागोबा रंगवले, तान्ह्या पोळ्याचे नंदी रंगवले,
म्हणून या ड्रॅगनला फणा आहे
आणि शिंगांना बेगड.

खाली लाल अक्षरांत:
फॅमिलीची सोय आहे.

सोय म्हणजे हिरव्या नेटचा पडदा,
त्यामागे एक बाकडं, गॅसची रिकामी टाकी,
पत्ताकोबीचं पोतं,
आणि दर बुधवारी मी.

लसीकरण आटोपून येते.
पायाशी लशींचा निळा डबा, आतला बर्फ पाणी झालेला,
ओढणीला कुणाच्या तरी बाळाच्या दुधाचा वास.
गाडी सव्वासातची.
तोवरचा पाऊण तास कुठल्याच रजिस्टरात नाही.

"हाफ राईस, मंचुरियन ड्राय, सिस्टर?"
विचारायचं म्हणून विचारतो,
पलटा तर केव्हाच वाजायला लागलेला असतो,
मग भसकन जाळ,
मग तो वास, नाकात आधी, पोटात नंतर.

रायपूरला दोन वर्षं भांडी घासत शिकला तो हे.
एकदा विचारलं, चीन कुठं आहे रे?
"मले का मालूम जी.
माहा तांदूर तं थ्या बांधीतला होये."
मागं एकदा त्यानं घरचा चिन्नोर टाकला होता कढईत.
पार गिचका झाला,
पण वास असा सुटला
की पंक्चरवाला ट्यूब पाण्यात सोडून उठून आला.
"चायनीज नोहे हे, चिन्नोरीज होये,"
म्हणाला, आणि आपलाच हसत राहिला
पुढच्या तीन प्लेटी.

कोबी अर्धी कच्ची. तशीच पाहिजे मला.
लाल रंग नखांत बसतो,
दुसऱ्या दिवशी लसीच्या कार्डावर उमटतो, तारखेशेजारी.
घरी विचारतात, जेवलीस का?
डबा खाल्ला, सांगते.

नेटमधून सगळं चौकटीचौकटीचं दिसतं.
पोरं, मोबाईल, उभ्यानं सूप फुंकणारा कंडक्टर.
त्यांना मी दिसत नाही.

मग धान निसवायच्या दिवसांतला एक बुधवार.
बल्बखाली पाण्याचं घमेलं, त्यात किड्यांचा खच,
आणि पडदा नाही.
"सासऱ्यानं नेला जी, कोंबड्याइच्या खुराड्याले.
मुंगूस येते म्हने."

उभीच राहिले जराशी.
पोरं गप्प. कंडक्टर सुपात बघतोय
जसं काही त्यात तिकिटांचा हिशेब लागत नाही.
बसले.

समोरून पहिल्यांदाच बघितली ती कढई.
जाळ उठला की तो मान मागं घेत नाही, डोळे तेवढे मिटतो.
त्याला भुवया नाहीत.
चार वर्षं त्याच्या हातचं खातेय,
माणसाला भुवया नाहीत हे ठाऊक नव्हतं.

शेजारच्या पोरानं मिरचीच्या पाण्याची बाटली सरकवली,
झाकणाला खिळ्यानं भोक पाडलेली.
"माह्या भाच्याले तुमीच सुई टोचली ना?
रातभर झोपू नाही देल्लं त्यानं."
पॅरासिटामॉल दिली होती की, म्हटलं. चौथा भाग.
"आमी तं अर्धी देल्ली," म्हणाला,
आणि मी तोंडातला घास तसाच ठेवून
त्याला पुढची दहा मिनिटं रागावले.
दुधरामनं तेवढ्यात प्लेटीत दोन मंचुरियन जास्त टाकले.
ते कुणासाठी, माझ्यासाठी की त्याच्यासाठी,
ठरेस्तोवर दोघांनी एकेक संपवला.

पुढच्या बुधवारी पडदा परत आला,
जाळीत कोंबडीचं एक पीस अडकलेलं.
बाकडं मात्र बाहेरच होतं.
मी काही बोलले नाही, तोही नाही.
बोर्ड तोच आहे,
सोय आहे,
आत आता पत्ताकोबी बसते.

मिरचीचं पाणी संपलंय रे, इकडं दे.
गाडीला अजून वीस मिनिटं आहेत.