बोटभर माया

बाराशे, म्हणाली डाएटवाली पोरगी
कॉलेज रोडच्या गार खोलीत.
मी म्हटलं, सोळाशे कर.
सवयच ती. पवननगरात माझ्याकडे
ब्लाउज टाकणाऱ्या बायका अशीच घासाघीस करतात.

गुडघा बघून डॉक्टरनं चालणं बंद केलंय.
मशीनला मोटर बसवली त्यालाही सहा वर्षं झाली,
पायडल मारायचे, तेवढाही व्यायाम उरला नाही.
म्हणजे जे काय करायचं ते तोंडानंच.

रात्री अस्तराच्या तुकड्यावर खडूनं हिशेब मांडला:
दोन भाकरी, मुगाची आमटी,
चहात अर्धा चमचा साखर
आणि रविवारची मिसळ.
तिथं खडू मोडला.
पापड, दही, दोनदा मागून घेतलेला रस्सा,
तर्रीला कुठला आकडा लावायचा?

सुलक्षणावन्स म्हणाल्या, आठशेवर राहा, महिन्यात सुटशील.
त्या राहिल्या होत्या.
चौथ्या आठवड्यात मध्यरात्री
उभ्याउभ्या चिवड्याचा डबा संपवला त्यांनी.
मी पाणी प्यायला उठले होते,
तशीच मागं फिरले.

पंचवीस वर्षं कापड बेततेय.
अंगाला घट्ट बेतलेला ब्लाउज
पहिल्याच हळदीकुंकवात उसवतो.
आत माया सोडावी लागते.

चौदाशे लिहिलं. वर पन्नास माया.
पोरगी हसली, काकू, असं नसतं.
नसेल.

दोन महिन्यांनी टेप इंचभर आत आली.
इंचभरच.
कुणाला बोलले नाही.
निळा ब्लाउज काढला, पोर लग्नाला आलं तेव्हा सैल केलेला,
आणि एक टीप आत घेतली.
दोरा दातानं तोडला.