डाव

नऱ्ह्यातला गाळा, वर तापलेला पत्रा,
दुपारचे तीन.
रुबीना तांबोळी मला शून्य शिकवते आहे.

"काका, आधी शून्य धरा.
शून्य चुकलं की पुढचं सगळं
अगदी अचूक चुकतं."

एकतीस वर्षं भोसरीच्या फाउंड्रीत
मी लाकडाचे पॅटर्न केले.
ओतलेलं बीड किती आकसतं
हे माझ्या अंगठ्याचं पेर सांगायचं.
आणि ही पोरगी, माझ्या पटाशीहून वयाने लहान,
म्हणते, हात मागे घ्या,
स्पिंडल फिरतोय.

भवानी पेठेतून आणलेला सागाचा तुकडा.
करायचा काय, तर आमटी वाढायचा डाव.
एका अंगाने वाटीचा खळगा,
दुसऱ्या अंगाने तिची पाठ,
मध्ये फक्त पाच मिलिमीटर लाकूड
आणि माझी अब्रू.

पहिला मी भाकरीसारखा उलटला,
जसा हाताला आला तसा.
खळग्यामागे दांडा गेला, दांड्यामागे पाठ,
कटर खाली उतरला
आणि वाटीतून टेबलाचं ॲल्युमिनियम दिसलं.
"डाव उलटला, काका!"
हसली, मग फळा नसल्यामुळे
भिंतीवरचं कॅलेंडर धरून दाखवलं:
वहीचं पान उलटतो ते वेगळं,
महिना संपल्यावर वर टाकतो ते वेगळं.
मागे दुधाचा हिशोब होता, तोही सुलटा वाचता आला.

दुसऱ्याला दोन डॉवेल ठोकले.
बाजू जुळल्या, म्हणजे जवळजवळ.
कडेने एक पायरी राहिली.
ती कॅलिपर शोधेपर्यंत
माझ्या नखाने सांगून टाकलं.
"शून्य पूर्णांक चार," ती म्हणाली.
"भोक सैल आहे," मी म्हणालो,
"लाकडाने रात्रीतून ओल खाल्ली."
तिने डोळे मिटले, नख फिरवलं,
पुन्हा फिरवलं.
त्या दिवशी चहाचे पैसे तिने दिले.

तिसरा.
भुसा फुंकला तर सांधाच सापडेना.
चार बारीक टॅब तेवढे धरून होते,
ते मी माझ्या करवतीने कापले,
तेवढं तरी.
मग रुबीना "अय्यो" म्हणाली.
मिररची खूण तशीच राहिली होती.
चोच हवी होती डाव्या अंगाला,
आली उजव्या.
दोन्ही बाजू एकमेकींशी इमानदार,
जगाशी उलट्या.

पिशवीत टाकून घरी नेला. साग आहे, फेकवत नाही.

शालन डावखुरी आहे.
लग्नानंतरच्या पहिल्या पंगतीत
कोणीतरी तिच्या हातातला डाव काढून
दुसऱ्या हातात दिला होता.
मी तिथेच बसलो होतो, जिलबी खात.
तेव्हापासून ती उजव्याने वाढते,
थेंबभर वाटीबाहेर सांडते,
आणि पुसते.

आज तिने नवा डाव उजव्यात घेतला,
चोचीकडे पाहिलं,
माझ्याकडे नाही पाहिलं,
आणि हात बदलला.
आमटी वाटीत पडली, नुसती वाटीतच.

"दांडा आखूड झालाय," म्हणाली.

सोमवारी लांबवतो.
रुबीनाला फोन करायला हवा,
चुकलेली म्हणून ती फाईल
पुसून टाकायच्या आत.