जे नाही त्याची षष्ठी

चुकीला एक रुपया, हे तिनंच ठरवलं
आर्ट्स फॅकल्टीच्या मोठ्या घुमटाखाली,
पहिल्या मंगळवारी, साडेचारला,
वर कबुतरं आपापलं काहीतरी घोकत असताना.
वही तिची. हिशेब तिचा.
मी फक्त चुकायचं.

मवझुना. खुजंदची. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला.
मी रशियन डिप्लोमा, संध्याकाळची बॅच;
सुरतेत हिऱ्यांच्या एका पेढीला दुभाषी हवा होता
आणि त्रिवेदीबेन म्हणाल्या होत्या,
पुस्तकातून जीभ वळत नाही, कुणाशी तरी भांडून ये.

रशियन तिचीही नव्हती.
वडिलांची होती, तीही कामापुरती.
कुठल्याशा थंड शहरात ते अकराव्या मजल्यावर विटा चढवायचे.
माझ्या धड्यातलं पहिलं वाक्य: ग्रंथालय कुठे आहे?
तिच्याकडून घरी पाठ करून घेतलेलं पहिलं वाक्य:
कागदपत्रं बरोबर आहेत, साहेब.
हे तिनं सेव-उसळ खाताना सांगितलं,
तिखटानं गळणारं नाक पुसत,
आणि लगेच म्हणाली, ग्रंथालय स्त्रीलिंगी असतं.
एक रुपया.

'ई' आणि 'ऊ'च्या मधोमध त्यांचा एक स्वर आहे.
तो काढताना मला वाटायचं
दाढेत सुपारी अडकलीय आणि समोर पाहुणे बसलेत.
तिला 'ळ' येत नसे. उसल म्हणायची.
मी रुपया मागितला तर,
मराठीचा करार झालेला नाही.
रिक्षावाल्याशी मात्र गुजरातीत अशी घासाघीस
की जन्म दांडिया बाजारातला असावा.

एकदा वहीवर घालायला तिनं आडनाव विचारलं.
पारसनीस.
पेन खाली ठेवलं तिनं. पुन्हा म्हण.
मग शेंग सोलावी तसं ते मधून उकललं:
फोर्सी. नवीस.
फारसी लिहिणारा. म्हणजे माझं लिहिणारा.
मी म्हटलं, असेल कुणी, दरबारात, दोनशे वर्षांपूर्वी.
आता घरात ती कुणाला येत नाही,
बाबा रिफायनरीत आहेत.
खूप हसली. मग मोजतच बसलो दोघी:
कागद, दरवाजा, हवा, कारखाना, तयार.
चष्मा म्हणजे तिच्याकडे झरा.
माझ्या नाकावर एवढी वर्षं झरा होता.
त्या मंगळवारी वहीत काही नाही.

विश्वामित्रीच्या पुलावरून मगर दिसते म्हणून तिला नेलं.
खाली हिरवट पाणी, एक बुडकुळ्या खाणारी बाटली.
मगर नाही, मी म्हटलं.
अं हं. जे नाही ते प्रथमेत राहत नाही.
षष्ठी लाव. मगरीचं नाही.
भाकरीचं नाही. वेळेचं नाही.
का?
तिला माहीत नव्हतं. तिलाही असंच शिकवलेलं.
त्यांच्याकडे नुसतं नसता येत नाही,
चा-ची-चे लागतंच.

मे महिन्यात तिच्या वडिलांचे कागद बरोबर निघाले नाहीत.
सुट्टीला जाते म्हणाली. पलंगाखालची बादली
खोलीतल्या मुलीला देऊन गेली, तेव्हा मला कळलं.
वही माझ्याकडे. त्रेसष्ट रुपये माझ्या नावावर,
तिच्या गोल अक्षरात. सुरतेहून उत्तर अजून आलेलं नाही.

परवा पुलावर थांबले.
मगर होती.
गाळावर, जबडा उघडा टाकून, ऊन खात.
मी मोठ्यानं म्हटलं: न्येत मवझुनी.
मवझुनाचं नाही.
शेवटी तोच तो सुपारीचा स्वर,
आणि तो नेमका लागला.
या वाक्याला दंड नाही.

लारीवाला वळून म्हणाला, शुं कह्युं, बेन?
कंई नहीं, मी म्हटलं.
प्रथमेत.