चवड्यावर

आमच्या सुभाषनगरात पाय आधी कागदावर उतरतो.
गिऱ्हाईक उभं राहतं, भैरू पेन्सिल फिरवतो.
मधे ती जराशी आत वळते,
नदी गावाला वळसा घालते तशी.
मग कातडं. मग माझी वेणी.

वीस वर्षं पट्ट्यांच्या वेण्या घालते मी
आणि माझ्या पायाला तो वळसाच नाही.

नवी नवरी, न्हाणीतून आले,
शहाबादी फरशीवर पाऊल अख्खं उमटलं,
थापलेल्या भाकरीसारखं.
आत्ती बघत राहिल्या. बोलल्या नाहीत.
म्हैस आटली त्या वर्षी बोलल्या :
पांढऱ्या पायाची.

आता दीक्षा, नऊ वर्षांची.
शाळेतून आली की पोटऱ्या धरून बसते.
चप्पल आतल्या अंगानं झिजते.
तिची ओली पावलं मी फडक्यानं पुसते,
आत्ती उठायच्या आत.

सीपीआरला अकराला नंबर लागला.
माणगावे डॉक्टरीण म्हणाली, चवड्यावर उभी राहा गं.
दीक्षा उभी राहिली, भिंतीला बोट टेकून,
आणि तळव्याखाली
एक कमान उठली. हळूच.
'बघा, आहे. भार पडला की निजते एवढंच.
पाय ताठ असता तर वेगळं होतं, तपासण्या लागल्या असत्या.
दुखत नसतं तर काहीच करू नका म्हटलं असतं.'

माझ्यामुळं झालं का?
'असेल. डोळेपण तुमचेच आहेत की.'

आता गोट्या बोटांनी उचलून वाटीत टाकायच्या.
आत्तींच्याच खलबत्त्याशेजारी वाटी.
रविवारी पंचगंगेचा घाट :
पायरीच्या कडेवर चवडे, टाचा खाली सोडायच्या,
तिसापर्यंत मोजायचं. ती एकवीसलाच तीस म्हणते.
शाळेला बूट, आत आधाराची गादी.

भैरू त्या गादीकडं रात्रभर बघत बसला.
आमच्या सात पिढ्या सपाट तळ कापत आल्या.
तीन जोड वाया गेले.
चौथ्यात कातड्याचे पापुद्रे तासून
अस्तराखाली एक उंचवटा बसवला त्यानं.
'घरात घालायला चालेल,' डॉक्टरीण म्हणाली,
आणि स्वतःचं माप देऊन गेली.

काल सगळे निजल्यावर
मी चुलीपाशी चवड्यावर उभी राहिले.
आपला तळवा आपल्याला दिसत नाही.
दीक्षा पाणी प्यायला उठली होती.
वाकली, बॅटरी लावली,
गाल फरशीला टेकवून बघितलं.

'आहे गं आई,' म्हणाली.
'उंदीर जाईल एवढी.'